संगणकाचं नियत वयोमान

२०२५ चा ऑक्टोबर महिना. दिवाळी आठवड्यावर आली होती. घरात जळमटं काढणं चालू होतं आणि मध्ये लुडबुड नको म्हणून मला संगणकापाशी बसवून ठेवलं होतं! पत्रं बघावीत म्हणून यंत्र चालू केलं, तर पडदाभर एक निरोप. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत आणि हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पात्र नाही? गेली दहा वर्षं याच यंत्रावर मी लिहितोय, पुतण्याशी अमेरिकेत बोलतोय, जुन्या फोटोंची जुळवाजुळव करतोय. एकदाही बिचाऱ्यानं कुरकुर केली नाही.

ज्याच्या दुकानातून संगणक घेतला तो माझाच माजी विद्यार्थी. त्याला फोन लावला.

"सर, मशीन उत्तम आहे. पण त्याचं वय झालं."

"अरे, काल रात्री अकरापर्यंत तर व्यवस्थित चालत होतं!"

"उद्याही चालेल, सर. फक्त त्याला आता अपडेट येणार नाहीत."

हे ऐकून मला माझाच निरोपसमारंभ आठवला. २००९ साली मी 'नियत वयोमानानुसार' सेवानिवृत्त झालो. अठ्ठावन्न पूर्ण. पण शेवटच्या दिवशी मला जेवढा इतिहास येत होता, तेवढाच दुसऱ्या दिवशी सकाळीही येत होता. माणूस एका रात्रीत म्हातारा होत नाही. तारीख कुणीतरी ठरवलेली असते.

मग संगणकाची ही तारीख ठरवली कुणी? केव्हा? आणि का? इतिहासाच्या मास्तरला असले प्रश्न पडले की दिवाळीचा फराळसुद्धा गोड लागत नाही. थोडं वाचलं, थोडं त्या विद्यार्थ्याला छळलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात 'पॅच' या शब्दापासून करू. पॅच म्हणजे ठिगळ. अगदी आपल्या गोधडीला लावतात तेच. पूर्वीच्या अवाढव्य संगणकांना आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. १९४४ सालच्या 'हार्वर्ड मार्क वन' या यंत्राच्या अशा पट्ट्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. एखादं भोक चुकीच्या जागी पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि योग्य जागी पुन्हा भोक पाडायचं. हे ठिगळ. पुढे कागद गेला, भोकं गेली, शब्द मात्र राहिला.

पण त्या काळातलं ठिगळ चूक सुधारण्यासाठी होतं, चोराला अडवण्यासाठी नव्हे. संगणक एकेकटे होते. आपल्या खोलीत बंद असलेल्या यंत्राला बाहेरचा कोण काय करणार?

हा समज २ नोव्हेंबर १९८८ रोजी मोडला. अमेरिकेतल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं एक प्रोग्राम सोडला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपणहून शिरत गेला. त्या वेळच्या इंटरनेटवर साधारण साठ हजार संगणक होते. त्यातले सुमारे सहा हजार ठप्प झाले असा तेव्हाचा अंदाज होता. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटात धावून जाणारं पहिलं केंद्र उभं राहिलं. (आपल्याकडे याच धर्तीची 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ साली सुरू झाली.) अग्निशामक दल स्थापन झालं म्हणा ना! पण घर बांधणाऱ्यानं किती वर्षं घराची जबाबदारी घ्यायची, हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.

तो विचारला गेला घरोघरी संगणक आल्यावर. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ तुमच्यापैकी अनेकांनी वापरल्या असतील. ९८ पासून 'विंडोज अपडेट' नावाची सोय आली. इंटरनेटवर जायचं आणि दुरुस्त्या उतरवून घ्यायच्या. पण हे अपडेट किती वर्षं येत राहतील, याचा सर्वांना लागू असा एकच ठरलेला नियम नव्हता. विंडोज ९५ ला सहा वर्षं मिळाली, ९८ ला आठ. तीही शेवटची मुदत वाढवून वाढवून. ९८ ची मुदत खरं तर जानेवारी २००४ मध्ये संपायची होती, ती लोकांच्या आग्रहामुळे जुलै २००६ पर्यंत लांबली.

नियम आला तो संकटांच्या पाठोपाठ. २००१ च्या जुलैमध्ये 'कोड रेड' आणि सप्टेंबरमध्ये 'निम्दा' या दोन संगणकी किड्यांनी जगभर धुमाकूळ घातला. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या सगळ्यांना एक पत्र पाठवलं. त्याचा मथितार्थ असा, की नवी सोय द्यायची की सुरक्षा सांभाळायची असा पेच पडला तर सुरक्षा निवडा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं पहिल्यांदा आयुर्मानाचा नियम जाहीर केला. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना पाच वर्षं पूर्ण सेवा आणि पुढे दोन वर्षं मर्यादित सेवा. २००४ मध्ये त्या दोनाची पाच झाली. पाच आणि पाच दहा. माझ्या यंत्रावर उमटलेल्या तारखेचा जन्म हा असा, २००४ सालचा.

यात एक गंमत (की खंत?) आहे. दहा वर्षांचा हा लाभ आधी कार्यालयांसाठीच्या आवृत्त्यांना होता. विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीला तो जाहीर झाला जानेवारी २००७ मध्ये. म्हणजे आधी साहेब, मग आपण. पेन्शनीतही असंच असतं म्हणा!

आता मध्येच स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

ऑगस्ट २००३. आमच्या शाळेत तेव्हा सात संगणक होते आणि त्यांचा 'प्रमुख' मी! कारण एकच, एमएस-सीआयटी केलेला शिक्षक मी एकटाच. सातांपैकी एक नवा, विंडोज एक्सपीचा. त्यालाच काय ती टेलिफोनची तार जोडलेली. डायलअप म्हणजे मिनिटागणिक बिल. म्हणून मी सक्त ताकीद देऊन ठेवली होती, की इंटरनेट जोडल्यावर कामापुरतं बघायचं आणि लगेच तोडायचं. ते अपडेट का काय विचारतं, त्याला 'नको' म्हणायचं. एक तरुण सहकारी मला म्हणालाही, "सर, ते एकदा होऊन जाऊ द्या ना." मी म्हटलं, "बिल तू भरणार का?"

घटक चाचणीचे नववीचे गुण मी त्या दिवशी सकाळपासून एक्सेलमध्ये भरत होतो. मध्ये शिक्षणाधिकारी कार्यालयाला एक मेल धाडायचं म्हणून तार जोडली. पाचेक मिनिटांत पडद्यावर एक चौकट आली. साठ सेकंदांत संगणक बंद होणार! एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न... मी नुसता बघत राहिलो. गुण साठवून ठेवावेत हे सुचेपर्यंत पडदा काळा. पुन्हा चालू केला, तार जोडली, पुन्हा तेच. दोन तुकड्यांचे गुण गेले. ते मी घरी नेऊन दोन रात्रींत पुन्हा भरले.

हा होता 'ब्लास्टर'. तो पसरायला लागला ११ ऑगस्ट २००३ ला. आणि त्याला अडवणारं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं दिलं होतं १६ जुलैला. जवळजवळ चार आठवडे आधी! देणाऱ्यानं दिलं होतं, मीच घेतलं नव्हतं.

मी एकटाच असा होतो असं समजू नका. त्याच वर्षी २५ जानेवारीला 'स्लॅमर' आला होता. त्याला बळी पडू शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्के त्यानं दहा मिनिटांत गाठली असं नंतर संशोधकांनी मोजलं. त्याचं ठिगळ तर सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच तयार होतं. पण तेव्हा ही ठिगळं कधीही, कशीही यायची आणि संगणक सांभाळणारे बेजार व्हायचे. म्हणून ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याचा दुसरा मंगळवार हा अपडेटचा वार ठरला. तो आजतागायत चालू आहे. मंगळवार माझ्याही पक्का लक्षात राहिला.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीचा 'सर्व्हिस पॅक टू' आला. त्याची मोठी फाइल अडीचशे एमबीहून जास्त होती. आमच्या टेलिफोनच्या तारेवरून ती उतरवायला दहा तासांहून जास्त लागले असते. शेवटी एका संगणकविषयक मासिकाबरोबर सीडी आली, ती मी सायकलवरून शाळेत नेली आणि सगळ्यांसमोर यंत्रात घातली. प्रायश्चित्तच ते.

या एक्सपीची मुदत सगळ्यांत लांबली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली ही प्रणाली ८ एप्रिल २०१४ पर्यंत सांभाळली गेली. साडेबारा वर्षं! कारण तिची वारसदार व्हिस्टा उशिरा आली (जानेवारी २००७) आणि आली ती लोकांना रुचली नाही. आपल्या मराठी माणसांना तर एक्सपी सोडवेना याला आणखी एक कारण होतं. त्याआधी आपण शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत लिहायचो. तो फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की त्याला नुसती अगम्य चिन्हं दिसायची. विंडोज २००० आणि एक्सपी यांच्यापासून युनिकोड देवनागरी घरच्या संगणकावर आली आणि आपण एकमेकांना मराठीत पत्रं लिहायला लागलो. ज्या यंत्रानं आपल्याला आपली लिपी दिली ते टाकवत नाही हो.

पण प्रेमापोटी जुनं यंत्र वापरलं तर काय बिघडतं? हे मला फार उशिरा कळलं, म्हणून सोपं करून सांगतो. नवी प्रणाली म्हणजे अगदी नवं घर नसतं. जुन्याच भिंतींवर बांधलेला वरचा मजला असतो. त्यामुळे नव्यात सापडलेली फट बऱ्याचदा जुन्यातही असते. नव्यासाठी ठिगळ आलं की चोर मंडळी आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते बघतात. बदल कुठे झाला हे कळलं की फट कुठे होती हे कळलं. म्हणजे मुदत संपलेल्या यंत्राच्या दृष्टीनं दर महिन्याचं नवं ठिगळ हा चोराच्या हाती पडणारा नकाशाच. यंत्र गंजत नाही, झिजत नाही. त्याच्या कुलपाची किल्ली मात्र बाजारात मिळू लागते.

मग कंपन्या कायम का सांभाळत नाहीत? तीही बाजू बघितली पाहिजे. विक्रीचे पैसे एकदाच मिळतात, सांभाळण्याचा खर्च दर महिन्याला असतो. प्रत्येक ठिगळ प्रत्येक जुन्या आवृत्तीवर तपासून बघावं लागतं, नाहीतर एक भोक बुजवताना दुसरं पडतं. कुठेतरी थांबावं लागतं हे मला पटतं. प्रश्न एवढाच, की कुठे थांबायचं हे ठरवताना कुणाचा विचार होतो.

एक्सपीच्या वेळी ते स्पष्ट दिसलं. मुदत संपली ती आपल्यासारख्यांची. ब्रिटिश सरकारनं ५५ लाख पौंड मोजून आपल्या सार्वजनिक सेवांसाठी आणखी एक वर्ष विकत घेतलं. २०१५ मध्ये तो करार पुढे चालू ठेवला नाही. आणि मग उजाडला १२ मे २०१७.

'वॉनाक्राय' त्या दिवशी सुटला. फायली कुलूपबंद करायच्या आणि खंडणी मागायची हा त्याचा धंदा. दीडशेच्या आसपास देशांत तो पोचला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांना झळ बसली आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी नोंदवला. मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्याच दिवशी, मुदत संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही ठिगळ सगळ्यांना फुकट दिलं. म्हणजे तारीख काही दगडावरची रेघ नव्हती!

पण इतिहास एवढ्यावर थांबवला तर तो अर्धा होईल. लागण झालेल्यांत फार मोठी संख्या विंडोज ७ ची होती. ती तेव्हा मुदतीत होती. तिचं ठिगळ १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच आलेलं होतं. पुन्हा तेच, २००३ चंच. देणाऱ्यानं दिलं, घेणाऱ्यानं घेतलं नाही.

दीड महिन्यानं, २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' आला, तो थेट आपल्या दारात. न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यानं विस्कळीत झालं. तो पसरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून. औषधाच्या बाटलीतूनच विष! तेव्हा अपडेट घ्या म्हणताना ते कुणाकडून घेतो हेही बघावं लागतं.

आपल्याकडे त्यानंतर एक चांगलं काम झालं. अनेक एटीएम यंत्रं तोवर मुदत संपलेल्या एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे आखून दिले, की सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव यंत्रं बदला आणि जून २०१९ पर्यंत सगळी. सांगणारा कुणी असला की होतं, नाही का?

आता माझ्या यंत्राकडे येतो. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट मिळण्याची सोय ठेवली गेली. काही अटी पाळून किंवा पैसे भरून. युरोपातल्या ग्राहकसंघटनांनी आवाज उठवला म्हणून तिकडे अटी सैल झाल्या. मी विद्यार्थ्याला विचारलं, "दुसरा काही मार्ग?" तो म्हणाला, "लिनक्स टाकू, सर." उबुंटू नावाच्या लिनक्सच्या काही आवृत्त्यांना पाच वर्षांची हमी असते. २०२४ ची आवृत्ती घातली, म्हणजे २०२९ पर्यंतची निश्चिंती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो येऊन दोन तासांत सगळं बसवून गेला. इन्स्क्रिप्टचा कळफलक जसाच्या तसा मिळाला. हा लेख त्यावरच लिहितोय.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण निघताना तो म्हणाला, "सर, फोन दाखवा बघू तुमचा."

दाखवला. त्यानं सेटिंग्जमध्ये जाऊन एक ओळ माझ्यापुढे धरली. शेवटचं सुरक्षा अपडेट, मार्च २०२२.

मी गप्पच झालो. संगणकावर माझे जुने फोटो आणि लेख आहेत. फोनवर माझी पेन्शन आहे! दूधवाल्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं मी त्यावरून भरतो. साडेतीन वर्षं त्याला एकही ठिगळ लागलेलं नाही आणि फोननं एकदाही पडदाभर निरोप दिला नाही. संगणकानं निदान सांगितलं तरी.

फोनचा इतिहास छोटा आहे, पण वळण तेच. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची मोठी फट उघडकीला आली. नुसता एक संदेश पाठवून फोनमध्ये शिरता येईल अशी. पुढच्याच महिन्यात दरमहा सुरक्षा अपडेट देण्याची पद्धत जाहीर झाली. तरी पुष्कळ फोनांना दोन-तीन वर्षांपलीकडे काही मिळत नसे. २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं एस २४ ला सात वर्षांचं वचन दिलं, पण ते महागडे फोन. कायदा आला तो युरोपात. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये, किमान कधीपर्यंत सुरक्षा अपडेट देणार हे विकताना सांगणं बंधनकारक झालं. आणि २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नियम झाला, की एखाद्या फोनची विक्री थांबवल्यावरही पुढे निदान पाच वर्षं त्याला अपडेट दिले पाहिजेत.

सगळा इतिहास ओळीनं मांडल्यावर मला एकच गोष्ट दिसते. ही तारीख यंत्राच्या वयावरून येत नाही, ते माणसांनी दिलेलं वचन आहे. आणि ते लांबलं ते कुणीतरी विचारलं तेव्हाच. कधी संकटानं, कधी ग्राहकांनी, कधी कायद्यानं.

म्हणून परवा फोनच्या दुकानात गेलो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच केला. विक्रेता मुलगा कॅमेऱ्याबद्दल दहा मिनिटं बोलला, बॅटरीबद्दल पाच. "याला अपडेट कोणत्या सालापर्यंत येतील?" म्हटल्यावर थांबला. "काका, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं." मग त्यानं शोधून सांगितलं. मी तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे देऊन दुसरा फोन घेतला. औषधाच्या पट्टीवर तारीख बघतो, तशी ती मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवली. आणि हो, मंगळवारनंतर येणारं अपडेट आता मी 'नको' म्हणत नाही.

आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी फोनमधली ती एक ओळही बघायची असं मी ठरवलंय. तुम्हीही बघा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' किंवा 'सिक्युरिटी' असं कुठेतरी असतं. सापडलं नाही तर घरातल्या नातवंडांना विचारा, त्यांना सापडतं.